कारखान्याचं घरचं फॉक्सप्रो सॉफ्टवेअर: ठेवावं, नव्याने लिहावं की तयार ईआरपी घ्यावं?

नमस्कार मंडळी,

एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी (म्हणजे संगणक) विभागात आहे (नाव विचारू नका). ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, काटा, पंधरवड्याची बिलं, सगळं आमच्याच साहेबांनी लिहिलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोवर (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) चालतं. साहेब यंदा रिटायर होतायत आणि संचालक मंडळ म्हणतंय, तयार ईआरपी (सगळ्या विभागांचं एकत्र विकत मिळणारं सॉफ्टवेअर) घ्या.

डेमो पाहिला. स्टोअर, पगार, जीएसटी झकास. घोडं पेंड खातं ते ऊस बिलापाशी. काट्यावर एक पावती फाटली की त्यातून शेतकऱ्याचं, तोडणीचं आणि वाहतुकीचं अशी तीन बिलं निघतात. जळीत उसाची कपात, सोसायटीची वसुली, ठेकेदाराची उचल हे सगळं त्यातच. कंपनी म्हणते, 'कस्टमायझेशन करून देऊ', पैसे वेगळे. बरं, एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १४ दिवसांत द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज. ऐन हंगामात बिलं अडकली तर ऐकून कोण घेणार?

पण घरचं म्हणून सगळंच सोनं नाही. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचं २००७ मध्येच सांगितलं, सपोर्ट जानेवारी २०१५ ला संपला. एक डीबीएफ (फॉक्सप्रोची डेटा फाइल) २ जीबीच्या वर जात नाही, म्हणून दर हंगामाला नवीन फोल्डर. सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही. कागदावर काहीच लिहिलेलं नाही. वाहतुकीच्या प्रोग्राममध्ये एकाच गटासाठी अंतर वाढवणारी अट सापडली. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तिथं पूल नव्हता तेव्हाची आहे." पूल कधीच झालाय, अट अजून चालू आहे! अशा अजून किती असतील देव जाणे.

माझा कल असा: हिशेब, स्टोअर, पगार तयार घ्यावं आणि ऊस विभागाचं तेवढं पोस्टग्रेसवर (मोफत मिळणारा डेटाबेस) घरीच नव्याने लिहावं. साहेबांना एक हंगाम मानधनावर ठेवून प्रत्येक अट का आहे ते लिहून घ्यावं.

असं अर्धं घरचं, अर्धं विकतचं कुणी चालवलंय का? दोन्हींचा मेळ रोज कसा घालता? जुन्या फॉन्टमधली नावं युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं बिघडतात, त्यावर काय केलंत? आणि मुख्य म्हणजे, ताळेबंदात या सॉफ्टवेअरची किंमत शून्य आहे. संचालकांसमोर ती रुपयांत कशी मांडू? मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे, जाणकारांनी कृपया लवकर सांगा.