शेतीची माहिती स्वस्तात पोहोचवायची, तर खर्च नेमका कशावर करावा?

पाणकळा (धागालेखक)

शेतकऱ्यांपर्यंत डिजिटल माहिती कमी खर्चात नेण्याची चर्चा बहुधा यंत्राच्या किमतीपाशी येऊन थांबते: स्वस्त टॅब्लेट, स्वस्त डेटा, फुकटचे ॲप. माझ्या मते यंत्र हा या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग आहे. माहिती त्या त्या शिवाराला लागू पडेल अशी करायला आणि ती ऐकणाऱ्याला उमगली की नाही हे पाहणारा माणूस ठेवायला खरा पैसा लागतो, आणि नेमका तोच खर्च वाचवण्याकडे योजना आखणाऱ्यांचा कल असतो.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने १५० गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. ऐकण्याइतकेच महत्त्व ऐकल्यानंतरच्या बोलण्याला होते. पन्नास वर्षांनी, २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमाने त्या त्या भागातल्याच शेतकऱ्यांच्या चित्रफिती गटांना दाखवायला सुरुवात केली. तिथेही चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारणारा गावातलाच माणूस होता. कर्नाटकातील १६ गावांच्या चाचणीत ही पद्धत, झालेल्या खर्चाच्या मानाने, नेहमीच्या विस्तारकार्याच्या (कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन शेतीसल्ला देण्याच्या) दहापट परिणामकारक ठरल्याचे नोंदवले गेले. म्हणून माझा आग्रह असा, की हाती थोडाच पैसा असेल तर तो आधी अशा माणसावर खर्च करावा.

तिफण

मी असहमत आहे. पहिली गोष्ट म्हणजे, ती दहापटीची चाचणी प्रकल्प उभारणाऱ्यांनीच केलेली होती, त्यामुळे तो आकडा जपून वापरायला हवा. दुसरी आणि अधिक गंभीर गोष्ट ही, की गावातला मध्यस्थ कोणाचा असतो, पडदा कोणाच्या अंगणात लागतो आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी तिथे कोण येऊ शकते, याचा विचार आपल्या मांडणीत दिसत नाही. खुरपणीपासून काढणीपर्यंत शेतात राबणाऱ्या स्त्रिया आणि दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे लोक अशा बैठकींत मागच्या रांगेत असतात, किंवा नसतातच. शिवाय पिकावरची कीड पुढच्या बैठकीची वाट पाहत नाही.

साध्या फोनवरचा आवाज हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. शेतकऱ्याने मिस्ड कॉल द्यावा, यंत्रणेने उलट फोन करावा, प्रश्न त्याच्या बोलीत ध्वनिमुद्रित व्हावा आणि तज्ज्ञाचे उत्तरही आवाजातच मिळावे. यात शेतकऱ्याचा खर्च शून्य आणि वाचता येण्याची अटही नाही. गुजरातमधील ‘आवाज ओटलो’ सेवा याच धर्तीची होती, आणि तिचा वापर करणारे कापूस उत्पादक घातक कीटकनाशकांकडून अधिक योग्य औषधांकडे वळल्याचे एका अभ्यासात दिसले. लघुसंदेशाची अडचण मात्र मान्य करायला हवी: रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीत ७० चिन्हेच, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांट्याही मोजल्या जातात. एवढ्या जागेत औषधाचे प्रमाण, फवारणीची वेळ आणि घ्यायची काळजी सांगता येत नाही.

कोरडवाहू

आपण दोघेही माहिती पोहोचली की काम झाले असे गृहीत धरत आहात. महाराष्ट्रातील १०० गावांत ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ या सेवेचा अभ्यास झाला. बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला फोनवर येत होता. तरीही शेतकऱ्याला मिळालेला भाव, पावसाने झालेले नुकसान आणि वाण बदलण्याचे प्रमाण यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्याने पेरणीपूर्वी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याला दूरच्या बाजारातला चढा भाव कळून तो करणार काय? पैसा थोडा असेल तर आधी गोदाम आणि वेळेवरचे कर्ज यांवर लावा.

मृगधारा

कोरडवाहू यांचा दाखला खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष फार व्यापक आहे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आले, तेव्हा समुद्रातूनच चौकशी करून तारली मासळी कोणत्या बंदरावर उतरवायची हे मच्छीमार ठरवू लागले. मासळी वाया जाणे जवळपास थांबले, त्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला भाव ४ टक्क्यांनी कमी पडला. त्यांच्या हातात नाव वळवण्याची मुभा होती, हे विसरू नये. मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीच्या ‘ई-चौपाल’ या भाव कळवणाऱ्या आणि मालही खरेदी करणाऱ्या केंद्रांमुळे सोयाबीनचे मंडीतले भाव १ ते ३ टक्के चढले, कारण तिथे माहितीबरोबर दुसरा खरेदीदारही दाराशी आला. माहिती निरुपयोगी नाही. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय आहे, त्याच्या ती हमखास कामी येते.

पाणकळा

तिफण यांच्या आक्षेपाला उत्तर देतो. आवाजाच्या सेवेतही पलीकडे उत्तर देणारा कृषितज्ज्ञ लागतोच, आणि त्याचा पगार हाच तिचा मोठा खर्च असतो. म्हणजे फोन निवडला तरी माणूस टळत नाही. मात्र माहितीचे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. वारणा परिसरातल्या सुमारे ७० गावांत १९९८ साली संगणक केंद्रे उभी राहिली, त्यांचा मुख्य उपयोग उसाचे वजन, खत आणि तोडणीची परवानगी यांच्या नोंदी पाहण्यासाठीच होत राहिला. पुढे सात गावांत संगणकाच्या जागी लघुसंदेश आले आणि तेवढेच काम फार कमी खर्चात होऊ लागले. नोंद हवी असेल तर संदेश पुरतो. पीक बदलण्याचा किंवा नवी पद्धत अंगीकारण्याचा प्रश्न असेल तर शेतकऱ्याला शंका विचारायची असते, पुन्हा विचारायची असते, शेजाऱ्याचा अनुभव ऐकायचा असतो. स्त्रियांचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि त्यावर उपाय म्हणून बचत गटांच्या बैठकीतच, गटातल्याच स्त्रीच्या हाती हे काम द्यावे असे मला वाटते.

तिफण

बचत गटाची सूचना मला स्वीकारार्ह आहे, पण त्या स्त्रीला मानधन कोण देणार, हे आपण सांगितलेले नाही. प्रकल्पाचा निधी संपला की ती जबाबदारी बियाणे किंवा औषधे विकणाऱ्या कंपनीकडे जाण्याचा धोका असतो, आणि मग सल्ला व जाहिरात यांतला भेद ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून माझी अट अशी, की मानधन सार्वजनिक निधीतून कायमस्वरूपी मिळावे, चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणे कोणालाही मेमरी कार्डवर उतरवून घेता यावीत, आणि सल्ला चुकला तर कोणाकडे दाद मागायची ते प्रत्येक चित्रफितीच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच सांगितलेले असावे.