नाशकात राहून सिरॅमिकचं काम, सुचतं कुठून?

मातीतली_मी: मी गंगापूर रोडला राहते. दीड वर्षापासून चाकावर बसते, आता नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं असं मनात घोळतंय. पण नेटवर बघून बघून माझं सगळं जपानी वाट्यांसारखंच व्हायला लागलंय. तुम्हाला सुचतं कुठून?

राखेचा_रंग: ताई, फोन बाजूला ठेवा आणि एप्रिलमध्ये पिंपळगावकडे चक्कर मारा, द्राक्षाची खरड छाटणी झाली की काड्यांचे ढीग पडलेले असतात. मी दोन गोणी आणल्या, जाळल्या, राख धुवून चाळली आणि फेल्डस्पार (एक खनिज) नि चिनी मातीत मिसळून ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, केलं. राखेतल्या कॅल्शियममुळे ग्लेझ वितळतं. १२५० अंशाला पहिल्यांदा सगळं ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटलं, रडूच आलं, पण एका कपाच्या कानाखाली हिरवट थेंब साचला होता, डिसेंबरातल्या गोदावरीसारखा. तो कप मी विकणार नाही.

भट्टीवाला: नोकरी लगेच सोडू नका हो. भट्टी, वीज, फुटतूट धरून वर्षभराचा हिशोब आधी लिहून काढा. आणि भट्टी तापवताना-निववताना ५७३ अंशाच्या आसपास घाई नको, तिथे मातीतलं क्वार्ट्झ (गारेचं खनिज) एकदम आकार बदलतं, तडे जातात. शिकायला बाहेर जायचं असेल तर पाँडिचेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी बघा, १९७१ पासूनचं आहे, आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओवाल्यांचं मूळ तिथलंच.

मातीतली_मी: राखेचं प्रमाण किती घेतलंत दादा? छाटणीच्या काड्या मामांच्या मळ्यातच मिळतील.