मदत हवी आहे: झुडपी जंगलातल्या चराईच्या अभ्यासासाठी सरकारी निधी कुठून मागावा?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यातलं. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे आणि त्यात झुडपी जंगलाचा मोठा पट्टा येतो. गावातली गुरं बहुतेक गवळाऊ. ही जात दिवसभर हिंडून चरणारी, ढेप-कडब्यावर गोठ्यात पोसायची म्हटलं तर कोणालाच परवडत नाही. चराई टिकली तरच गोहन (गावचा गुरांचा कळप) टिकेल.

अडचण तरोटा आणि वनतुळशीची आहे. गुरं या दोन्हींना तोंड लावत नाहीत. गवत दरवर्षी खाल्लं जातं आणि हे मात्र निवांत बियाण्यावर येतात, त्यामुळे बरडावर यांचाच पसारा वाढत चाललाय. आमच्याकडच्या बायांनी आणि गुराख्यांनी एका कोपऱ्यात उपटून पाहिलं. पोळ्याच्या आधी, जमीन ओली असताना ओढलं की झाड मुळासकट हातात येतं. शेंग वाळल्यावर गेलं तर ओढतानाच बी तडतड सांडतं, म्हणजे आपणच पेरणी केल्यासारखं. वेळेवर उपटलेल्या जागी मारवेल आणि पवन्या हे गवताचे प्रकार पुन्हा दिसायला लागले.

पण 'दिसायला लागले' यावर कोणी पैसा देत नाही, आणि देऊही नये. आम्हाला हे मोजायचं आहे. एकदा उपटलेले, दोनदा उपटलेले आणि हात न लावलेले असे तुकडे सारख्याच उतारावर, सारख्याच मातीत आखायचे. प्रत्येकात मीटरभर लांबी-रुंदीची बांबूची चौकट टाकायची, आतलं गवत विळ्यानं कापून वाळवून तोलायचं. तरोट्याचं बी कठीण कवचाचं, मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. म्हणून एका पावसाळ्यात उत्तर मिळणार नाही, निदान ३ वर्षं तरी पाहिजेत.

कुठंही निधीचा विषय काढला की समोरून खड्डे आणि रोपं येतात. वनीकरणाला पैसा आहे, गवताला नाही. आम्हाला तिथं साग नको. झाडांची दाट सावली पडली की खालचं गवत संपलं. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो.

माझे प्रश्न: अर्ज ग्रामसभेनं करायचा की कॉलेजनं? विज्ञानाच्या निधीतून गावकऱ्यांची मजुरी निघते का? आणि जमिनीच्या कागदांचं काय? सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलंय, त्यामुळे महसूल आणि वन दोन्हीकडे चकरा होतात.

– बरडावरचा

प्रतिसाद: प्रयोगवही

भाऊ, मी कॉलेजमध्ये असे प्रस्ताव लिहिते. पहिली गोष्ट, काम करायचा पैसा आणि मोजायचा पैसा वेगवेगळ्या ठिकाणी मागा. उपटण्याची मजुरी रोहयोत बसते का ते जिल्हा अभिसरण समितीकडे (वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एकत्र जोडणारी समिती) विचारा. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून पडीक आणि वनजमिनीवरच्या चाऱ्यासाठीही तरतूद आहे, ती राज्यामार्फत येते. तेव्हा पशुसंवर्धन खात्यालाही भेटा. हेटीकुंडीचं गवळाऊचं सरकारी प्रक्षेत्र तुमच्याच तालुक्यात आहे, तिथून सुरुवात करा.

मोजण्यासाठी दिल्लीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची सीड शाखा (समाजोपयोगी विज्ञानाला निधी देणारी) आणि मुंबईचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग ही दोन दारं बघा. एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर ट्रस्ट, सोसायटी अशा नोंदणीकृत संस्थाच चालतात, ग्रामसभा नाही. म्हणून प्रमुख संशोधक कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा ठेवा आणि ग्रामसभा लेखी कराराने भागीदार. त्या करारात मोजणीच्या नोंदींची एक प्रत ग्रामसभेकडे राहील, हे वाक्य घालाच. नाहीतर प्रकल्प संपला की वह्या संशोधकाबरोबर जातात आणि गावात काही उरत नाही. गावातली दोन शिकलेली मुलं क्षेत्र सहायक म्हणून मनुष्यबळाच्या शीर्षात दाखवा.

हप्त्यांचं गणित आधीच समजून घ्या. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा येत नाही. तुमचा हंगाम जून ते ऑक्टोबर. पैसा दिवाळीत आला तर ते वर्ष गेलं. तेव्हा मंजुरीची वाट न बघता यंदाच्या पावसाळ्यातच चौकटी टाका. बांबू आणि ताणकाटा एवढंच लागतं. उपटण्याआधीची मोजणी हातात असेल तर प्रस्तावाचं वजन फार वाढतं.

प्रतिसाद: वैनगंगाकाठ

जमिनीचं सांगतो. २२ मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल हे वनच मानलं आहे. त्यामुळे अर्जात 'महसुली पडीक' असा शब्द चुकूनही नको. त्यानं तुमचा हक्क मात्र कमी होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात सगळ्या प्रकारची वनजमीन येते आणि राखण्याचा, व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेकडे आहे. वनहक्काचा दाखला, नकाशा, ग्रामसभेचा ठराव आणि वनविभागाला दिलेल्या पत्राची पोच, हे चार कागद एकत्र लावा. नकाशावर प्रयोगाचे तुकडे जीपीएसनं टाका. नागपूरचं राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण कार्यालय मातीच्या नकाशासाठी उपयोगी पडेल.

प्रतिसाद: बरडावरचा

प्रयोगवही ताई, वैनगंगाकाठ भाऊ, मनापासून आभार. मजुरी वेगळी काढायची हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, सगळं एकाच अर्जात कोंबत होतो. येत्या ग्रामसभेत ठराव घेतो आणि बांबूच्या चौकटी आताच बनवायला सांगतो.

एक विचारायचं राहिलं. फुलोरा यायच्या आधी नुसत्या पात्यावरून गवत ओळखणारं कोणी वर्धा-नागपूरकडं असेल तर कळवा. आमच्या गुराख्यांना गवतं नावानिशी ठाऊक आहेत, पण प्रस्तावात शास्त्रीय नावं लागतील. त्यांच्यासोबत माळावर दोन दिवस फिरणारा माणूस हवा आहे. जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय गाव करेल.