साहेबांचं एलकेजी

ऑफिसातली टायपिंगची खरी गंमत मोबाइल आणि ऑटोकरेक्ट आल्यावर सुरू झाली, असं कुणी म्हटलं तर मला काही पटत नाही. त्याच्या कितीतरी आधी कृतिदेव नावाच्या फॉन्टने आमची करमणूक केलेली आहे. या फॉन्टात आतून सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, वर नुसता देवनागरी मुखवटा. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना सोयीचा, पण समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. 'साहेब' टाइप केलंत की तिकडे एल, के, जी, एस, सी दिसतं. करून बघा हवं तर.

तर २००८-०९ च्या सुमारास आम्ही तालुक्याहून जिल्ह्याला पाणीटंचाईचं पत्र मेल केलं. भाऊसाहेबांनी आदराने तीन-चार ठिकाणी 'साहेब' घातलेलं. आठवडाभर उत्तर नाही. फोन केला तर तिकडचा नवा लिपिक म्हणतो, "ते होय! आमच्याकडे फक्त एलकेजी-एलकेजी वाचता आलं, बाकी सगळा इंग्रजी गिचमिड. म्हटलं बालवाडीचं असेल, शिक्षण विभागाकडे वर्ग केलं." जावक क्रमांकासकट!

भाऊसाहेबांनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी आदर जरा कमी घालू." मग पत्र प्रिंट काढून शिपायाबरोबर एसटीने पाठवलं. दुपारी पोचलं. टँकर मात्र त्यानंतरही पंधरा दिवसांनीच आला, पण त्यात कृतिदेवचा दोष नव्हता.