विषय: बँकॉकच्या नगरस्तंभाचे दर्शन आणि नवस

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

पुढील आठवड्यात माझे सासू-सासरे साताऱ्याहून बँकॉकला येत आहेत. परगावी गेल्यावर आधी तेथील ग्रामदेवतेपुढे हात जोडायचे, हा त्यांचा शिरस्ता असल्यामुळे त्यांना लाक मुअंगला, म्हणजे शहराचे रक्षण करणाऱ्या नगरस्तंभाच्या देवस्थानाला, न्यावे असे मनात आहे. तेथील पूजेची पद्धत काय, आणि आपण तेथे नवस बोललेला चालतो का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

आपली,
एक सभासद

*

ताईंस सप्रेम नमस्कार,

आपण योग्य स्थळ निवडले आहे. राजधानी थोनबुरीहून नदीच्या पूर्व तीरावर हलवताना राजे राम प्रथम यांनी २१ एप्रिल १७८२ रोजी मुहूर्त पाहून तेथे स्तंभ रोवला, आणि त्या घटकेची पत्रिका हीच शहराची पत्रिका मानली गेली. आत दोन स्तंभ दिसतील. उंच तो मूळचा, बहाव्याच्या जातकुळीतील लाकडाचा, आणि ठेंगणा तो पुढे राजे मोंगकुत यांनी उभारलेला.

फुले, उदबत्त्या, मेणबत्ती आणि सोन्याचा वर्ख असे साहित्य आवारातच मिळते. वर्ख मूळ स्तंभांना न लावता बाहेरच्या प्रतिकृतींना लावायचा असतो. त्यानंतर मुख्य स्तंभांचे आणि नगररक्षक पाच देवतांचे दर्शन घ्यावे. आपल्या जन्मवाराच्या दिव्यात तेल घालण्याची प्रथाही तेथे आहे, आणि ती सासूबाईंना निश्चित आवडेल.

नवस बोलण्यास परदेशी माणसाला कोणी अडवत नाही, तरीही माझे मत विचाराल तर केवळ आशीर्वाद मागून परतावे. थाई लोक नवस फेडण्याबाबत आपल्या आजी-आजोबांइतकेच काटेकोर असतात, आणि इच्छा पूर्ण झालेली मंडळी त्याच आवारात लाखोन हे पारंपरिक थाई नृत्यनाट्य करवून घेतात; साताऱ्याला परतलेल्या माणसाने ते ऋण कधी आणि कसे फेडावे? शिवाय त्या पाच देवतांमध्ये आपला चित्रगुप्तही आहे, तेव्हा बाकी राहिलेला नवस तेथे विसरला जाईल अशी आशा धरू नये.

सनाम चाय या मेट्रो स्थानकावर उतरून चालत जाता येते, परंतु दुपारचे ऊन ज्येष्ठांना सोसणार नाही, म्हणून सकाळीच निघावे. त्याच फेरीत राजवाडा पाहणार असाल तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, कारण तेथील पहारेकरी याबाबतीत कोणाचीही गय करत नाहीत.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद