मोल्याला कॅम्परव्हॅनमध्ये एक रात्र: गाडी कुठे लावावी, बॅटरी पुरेल का?

म्हापशेकर:
जानेवारीत गोव्यात फोंडामार्गे मोल्याला जाऊन व्हॅनमध्येच एक रात्र काढायची आहे. आम्ही तिघं, त्यात आठ वर्षांची मुलगी. १०० अँपिअर-अवरची बॅटरी, ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज, १५ वॉटचे दोन पंखे, ५ किलोचा गॅस सिलिंडर. अनमोड घाटात कडेला मोकळी जागा बघून थांबलं तर चालेल का? गवे गाडीजवळ येतात का? बॅटरी सकाळपर्यंत टिकेल?

कुळ्याचा वाटाड्या:
घाटात अजिबात थांबू नका. रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो, तिथे परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. शिवाय रात्रभर ट्रक चालतात आणि वळणावर कडेला जागा कमी असते. मोले गावातच कुंपण असलेल्या एखाद्या लॉजच्या आवारात, आधी फोनवर विचारून, गाडी लावा. साडेपाचपर्यंत पोहोचा, म्हणजे उजेडात जागा नीट बघता येईल. वर सुकी फांदी नको, जवळ ओहोळ नको, गाडीचं तोंड फाटकाकडे हवं.

गवे येतात ते चाऱ्या-पाण्यासाठी, संध्याकाळी आणि पहाटे. तुमच्या जेवणाशी त्यांना देणंघेणं नाही. धोका असतो तो माणूस अंधारात अचानक त्यांच्यासमोर आला की, त्यातून गाय आणि वासरू यांच्यामध्ये आला तर फारच. म्हणून दार उघडण्याआधी आतूनच चारही बाजूंना टॉर्च मारा. मुलीला रात्री एकटीला उतरू देऊ नका. रस्त्यात गवा दिसला तर डिपर करून थांबा, हॉर्न नको. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागे कळप असतो.

वासावर येतात ती माकडं आणि उदमांजरं. केळी, फरसाण, कचरा सगळं झाकणाच्या बादलीत, गाडीच्या आत. भांड्यांचं साबणाचं पाणी जमिनीवर सोडू नका, २० लिटरच्या कॅनमध्ये भरून घरी न्या. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका हवाच: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. झोपताना रेग्युलेटर बंद.

डिचोलीची ताई:
बॅटरी लिथियम की लेड-अ‍ॅसिड, त्यावर सगळं आहे. फ्रिज साधारण निम्मा वेळ चालतो असं धरलं तर १२ तासांत २७० वॉट-अवर, पंखे ९ तास म्हणजे आणखी २७०, दिवे-मोबाईल ८०. एकूण ६२०. लिथियममधून हजारभर आरामात मिळतात. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतल्या १२०० पैकी हाती ६००. पहाटे फ्रिज बंद पडणार.

वायरही तपासा. फ्रिज बॅटरीपासून पाच मीटरवर असेल आणि वायर अडीच चौरस मिमीची, तर कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज ट्रिप होतो. ६ चौरस मिमी घाला.

सत्तरीकर:
गोचिडींचं कुणी लिहिलं नाही. पुढे सत्तरी तालुक्यातून चोर्ला घाटाकडे जाणार असाल तर नक्की वाचा: सत्तरीत माकडतापाचे (गोचीड चावून होणारा ताप) रुग्ण आढळले आहेत आणि गोचिडींचा जोर डिसेंबर ते मे. पाचोळ्यात बसू नका, फिक्या रंगाची फुल पँट मोज्यात खोचा, परतल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. आठवड्याभरात ताप आला तर जंगलात गेला होता हे डॉक्टरांना आधी सांगा.

म्हापशेकर:
बॅटरी लेड-अ‍ॅसिडच आहे. रात्री फ्रिज बंद ठेवला तर?

डिचोलीची ताई:
चालेल. आदल्या दिवशी घरच्या विजेवर ४ अंशांपर्यंत थंड करा, गोठवलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या आत ठेवा, रात्री ११ ते पहाटे ५ बंद. मधे झाकण उघडू नका. मासळी मात्र नेऊ नका.