प्रतिसाद: यलोस्टोन आणि आमची विहीर

वर दादांनी लिहिलंय की अमेरिकेतल्या यलोस्टोन ज्वालामुखीचा महास्फोट 'वेळ उलटूनही' झालेला नाही, म्हणजे आता कधीही होईल. हिशोब मांडून पाहा. मोठे स्फोट झाले ते अंदाजे 21 लाख, 13 लाख आणि 6.4 लाख वर्षांपूर्वी. तीन स्फोट, म्हणजे मधली अंतरं फक्त दोन. त्यावरून कसलं वेळापत्रक काढता? बरं, काढलंच तरी सरासरी सव्वासात लाखांच्या वर जाते. उलटली कुठे? शिवाय खालचा बराचसा खडक घट्ट आहे, नुसता वितळलेल्या खडकाचा रस उकळतोय असं नाही.

मागे गावी काकांना यलोस्टोनच्या महास्फोटाचा एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "आपल्याले काय करनं त्याचं? केळीले भाव काय चालू हाये ते पाह्य."

गंमत म्हणजे आम्ही बसलो होतो ज्वालामुखीवरच. विहिरीच्या कडेला खोदून काढलेला काळा दगड पडला होता, त्यात पांढऱ्या गाठी. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपली काळी माती त्याच्याच झिजेतून आली. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून काळ्या दगडाच्या भिंतींसारख्या रांगा दिसतात ना, त्या लाव्हा वर चढताना भेगांत थिजलेल्या.

अर्थात हा भेगांतून वाहिलेला लाव्हा, यलोस्टोनसारखा स्फोट नव्हे. आपल्याकडे खरी राख आली ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी. आंध्रात ज्वालापुरमला तिचा थर अजून सापडतो. तेव्हा भारतात माणसं होती, आणि राखेच्या वरच्या थरातही त्यांची दगडी हत्यारं मिळाली आहेत.